शिशाची तार

रात्री अकराला शेवटचा डबा वर येतो.
ब्रेक लावते. दोर थोडा वेळ थरथरतो, मग गप्प.
खाली क्विरिला नदी पुन्हा ऐकू यायला लागते
आणि मी गिअरबॉक्सचं झाकण उघडते.

आधी तेल. बोटावर घ्यायचं, दिव्यापुढे धरायचं.
आज चमकतंय.
वार्लाम म्हणायचा, तेल नटलं की समज, चाक झडतंय.

मग हात. मोठं चाक जखडून ठेवायचं,
लहान चाक पुढे ढकलायचं: टक्.
मागे ओढायचं:
काहीच नाही. काहीच नाही. टक्.

हे मधलं 'काहीच नाही' मोजायला
त्यानं मला या खोलीत आणलं. मी एकोणीस वर्षांची होते.
"पुढे जाताना सगळीच यंत्रं शहाणी वाटतात, त्सिउरी.
उलटं फिरव, मग बोल."
त्याच्या स्वतःच्या तोंडात सात दात उरले होते.
"फट हवीच," म्हणायचा, "अंगाला अंग भिडलं तर जळतात दोघं.
पण किती, ते तारेला विचार."

शिशाची तार, वीतभर.
दातांच्या खाचेत सरकवायची, हातानं चाक फिरवायचं,
झोपलेल्या मुलाची कूस बदलावी तितकं हळू.
पलीकडून ती चपटी होऊन येते,
जागोजागी चावलेली.
शिसं मऊ असतं, म्हणून त्याला पढवता येत नाही.
मायक्रोमीटर म्हणाला:
एक पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर.
मागच्या शरदात आठ दशांश होतं.

सकाळी झुराबचा फोन. "रविवारपर्यंत चालव. बाजार आहे."
मी दारावरची पाटी उलटी केली. बंद.

पहिली आली झुझुना, वार्लामची बायको,
टोपलीत माट्सोनीच्या दोन बरण्या.
"किती?" तिनं विचारलं.
तिकिटाबद्दल नव्हे.
मी पट्टी तिच्या हातावर ठेवली.
तिनं बघितली नाही, नखानं चाचपली,
टोपली पायरीवर ठेवून घरी गेली
आणि अर्ध्या तासानं कॉफीचा एक डबा घेऊन आली.

त्यात पट्ट्या. शंभरेक असतील.
प्रत्येकीवर खिळ्यानं ओरखडलेली तारीख.
"विजारीच्या खिशात आणायचा. धुण्याआधी उपसायची मी,
शिव्या घालायची, आणि यात टाकायची."

खिडकीच्या फळीवर आम्ही त्या मांडत गेलो.
एकोणसत्तर, कागदासारखी.
पुढे जाड, आणखी जाड, एकाऐंशी तर बटणाएवढी;
चौऱ्याऐंशी, पुन्हा कागद. नवी चाकं आली ते वर्ष.
तिला आठवत होतं, त्या दिवशी तो पिऊन आला होता.

ब्याण्णव आणि त्र्याण्णव मी तीनदा मोजल्या.
अठरा पट्ट्या. केसाचाही फरक नाही.
"वीज नव्हती ना," झुझुना म्हणाली,
"डबे मध्येच लटकलेले. पण हा दर महिन्याला इथे यायचा."
कशाला?
तिनं खांदे उडवले.
"घरी येऊन सांगायचा, सगळं जागच्या जागी आहे.
तेव्हा घरात मीठसुद्धा नव्हतं."

कालची पट्टी मी शेवटी ठेवली.
फळी संपली होती, ती अर्धी बाहेर राहिली.

झुझुनानं डबा परत भरला नाही.
रिकामा डबा माझ्या टेबलावर ठेवला, टोपली उचलली
आणि तीनशे चौदा पायऱ्यांकडे वळली.
मागे फोन वाजत होता, झुराबच असणार.
मी दारात उभी राहून ऐकत होते.
तिच्या टोपलीत दोन बरण्यांमध्ये
थोडी जागा असावी.
टक्.
काहीच नाही.
टक्.